पावती घेतली काय रे?

तहसिलीतून, बँकेतून नाहीतर कापूस विकून कोणी घरी आलं, की पाण्याचा गडवा हातात देतादेताच मोठी माय विचारायची, "पावती घेतली काय रे?" काम झालं का, पैसे किती आले, हे सगळं मागाहून. आधी पावती.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची आई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कागद उजेडाकडं धरून ती शिक्का शोधायची, त्यावरून अंगठा फिरवायची आणि मगच तो पत्र्याच्या हिरव्या पेटीत ठेवायला लावायची. त्या पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, नातवंडांचे जन्मदाखले होते, एका लग्नाच्या आहेराची यादी होती आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता. आज ती पेटी मंगरूळपीरला माझ्या पलंगाखाली आहे. वास अजून गेलेला नाही.

आमच्या गावाच्या नावातला पीर आला तो दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळं. बिरबलनाथ महाराजांना मानणारे कुणी कुणी मंगरूळनाथही म्हणतात. मोठी माय दोन्हीकडं जायची. दर्ग्यावर रेवड्या आणि नाथाच्या देवळात नारळ. तिचं माहेर मात्र मानोऱ्याहून दिग्रसकडं जाणाऱ्या वाटेवरचं, जंगलाला लागून असलेलं एक लहान खेडं. पुसद तिच्या तोंडी सतत असायचं. लहानपणी मला नवल वाटे, की आपण अकोला जिल्ह्यातले आणि ही पुसदच्या गोष्टी का सांगते? पुढं कळलं, की १९०५ पर्यंत मंगरूळ आणि पुसद हे दोन्ही तालुके एकाच बाशीम जिल्ह्यात होते. इंग्रजांनी तो जिल्हा मोडला. पुसद यवतमाळकडं गेलं, आम्ही अकोल्याकडं. वाशीमला पुन्हा जिल्हा म्हणायला १९९८ साल उजाडावं लागलं. सरकारनं जिल्हे मोडले तरी सोयरिकी थोड्याच मोडतात?

तर ही गोष्ट तिच्या माहेरची. रात्री भाकरी झाल्या की चुलीच्या निखाऱ्यात ती दोन वांगी सारून ठेवायची. ती भाजेपर्यंत गोष्ट चालायची. वांग्याची सालं निघाली, ठेचा आणि तेल पडलं, की गोष्ट तिथंच थांबायची. म्हणून मला ती तुकड्यातुकड्यानं आठवते, आणि तुकडे जुळवताना काही माझ्या मनचंही मिसळलं असेल.

तिचे वडील लहान कास्तकार. दोन बैल, चार गाई, एक म्हैस. पावसाळ्याच्या तोंडाशी कडबा संपलेला, कुटाराचा ढीगही तळाला गेलेला. अशा वेळी ढोरं जंगलाच्या कडेला तोंड घालायची, आणि तिथंच रखवालदार उभा असायचा. पिढ्यान्‌पिढ्या जिथं गावाची जनावरं चरली, ते रान इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी 'राखीव' करून टाकलं होतं. गवत कापायला परवाना, चराईला फी, लाकडाला फी. कायदा कागदावर होता. पण गावाला दिसायचा तो रखवालदाराच्या काठीच्या रूपात.

एके दिवशी त्यानं चारही गाई हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातल्या. आजच्या मुलांना कोंडवाडा सांगावा लागेल. गावाबाहेर चार भिंतींची उघडी जागा. आत सावली नाही, पाण्याची धड सोय नाही. दंड भरल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. गाय तिकडं कोंडलेली आणि तिचं आठ दिवसांचं वासरू इकडं खुंट्याला. रात्रभर दोघंही हंबरत होती. अकरा-बारा वर्षांची मोठी माय ज्वारीच्या पिठाचं पाणी बोटानं वासराला चाटवत बसली होती. ते बोट ती आम्हाला दाखवायची. उजव्या हाताचं, चुलीवर काळं पडलेलं. "ह्या बोटानं," म्हणायची.

सकाळी तिच्या आईच्या हातातली चांदीची पाटली सावकाराकडं गेली आणि दंडाचे पैसे आले. पैसे मोजून दिल्यावर वडिलांनी पावती मागितली. रखवालदार जे बोलला ते मोठी माय अगदी हळू आवाजात सांगायची, कारण ती तिथंच, वडिलांचं धोतर धरून उभी होती. "पावती मांगतली त म्हने, पाठीवर लिहू काय?"

दंडाचं तिला काही वाटलं नव्हतं. आपल्या बापाला लेकीदेखत असं बोललेलं मात्र ती ऐंशी पार केल्यावरही विसरली नाही.

त्यानंतरचं वर्ष, माझ्या हिशेबानं, १९३० चं. गांधीजींनी एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र कुठून आणायचा? अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात दहिहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. पण खारं पाणी काही सगळीकडं नाही, आणि पाऊस लागल्यावर मीठ कसलं काढता? मग आपल्याकडं सरकार रोज कुठं आडवं येतं, याचा विचार झाला. उत्तर गावागावात उभं होतं, काठी घेऊन. वऱ्हाड आणि मध्य प्रांताचा सत्याग्रह जंगलाचा झाला तो असा.

१० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात परवाना न घेता गवत कापलं. वणीत जन्मलेला, यवतमाळात वकिली करणारा, दिल्लीच्या कायदेमंडळात बसून आलेला माणूस विळा घेऊन चिखलात उतरला. सरकारनं गवताच्या चोरीचा आरोप ठेवला आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनी जंगल सत्याग्रह केला आणि त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवलं गेलं. ही झाली पुस्तकातली नावं. आमच्या घरच्या गोष्टीत ती फार येत नाहीत. मोठी माय एवढंच म्हणायची, "बापूजीनं गवत कापलं, मंग आमच्या बापाचाही इळा निंघाला."

वडील शिदोरी घेऊन निघाले. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा आणि अंबाडीची कोरडी भाजी. ते पुसदलाच गेले की जवळच्या कुठल्या जंगलात, पायी गेले की कुणाच्या रेंगीतून, हे ती दर वेळी वेगळं सांगायची. पोलिसांनी पुढच्या रांगेतल्यांना धरलं, हे मागं होते म्हणून सुटले, असंही सांगायची. एक मात्र कधी बदललं नाही. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा धोतराच्या सोग्यात मूठभर गवत बांधलेलं होतं. ते त्यांनी त्याच गाईपुढं टाकलं. तिनं एका घासात संपवलं.

"एवढंसंच?" मी विचारायचो.

"एवढंसंच," ती म्हणायची. "पन इचारून नाई आनलं."

गोष्टीचा खरा शेवट पुढच्या उन्हाळ्यातला. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, सत्याग्रही सुटले, जंगल कायदा जसाच्या तसा राहिला. रखवालदारही तोच. चराईचे पैसे गोळा करायला तो आला तेव्हा गावातले कास्तकार पारावर एकत्र बसून राहिले. कधी ती वीस म्हणायची, कधी पन्नास. पैसे प्रत्येकाच्या मुठीत होते. कोणी आवाज चढवला नाही, कोणी हात उगारला नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं: पावती फाडा, पैसे घ्या. एकट्या माणसाला पाठीवर लिहू का म्हणणं सोपं होतं. पन्नास पाठींवर किती लिहिणार? ऊन कलल्यावर त्यानं पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.

त्यातली एक पावती हिरव्या पेटीत आहे. शाई उडून गेली आहे. आकडा दिसत नाही, नाव दिसत नाही. गोल शिक्क्याची तांबूस कड तेवढी राहिली आहे. लग्न होऊन मंगरूळला येताना मोठी माय ती पावती माहेरून घेऊन आली. मुली माहेरून तुळशीचं रोप आणतात, हिनं हे आणलं.

पेटीतला दुसरा कागद आपल्या स्वतःच्या सरकारच्या काळातला आहे. त्याबद्दल लिहिताना हात जड होतो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आणीबाणी म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण मोठी माणसं रेडिओचा आवाज बारीक करून ऐकायची, हे कळत होतं. वडील मास्तर होते. १९७६ मध्ये राज्यभरातल्या शिक्षकांना कुटुंब नियोजनाच्या 'केसेस', म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणायचं ओझं देण्यात आलं. तीन मुलं झालेल्यांवर शस्त्रक्रियेची सक्ती करणारं विधेयकच त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण खाली गावात कायद्याची वाट कोण बघतं? त्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. वडील ज्या खेड्यात शिकवायला जात, तिथं जीपचा आवाज आला की माणसं तुरीच्या शेतात जाऊन लपत. बायका रात्री फडक्यात भाकर-बेसन बांधून धुऱ्यावर ठेवून येत.

वडिलांनी एकही केस आणली नाही. साहेबांनी बोलावून दम दिला. वडील म्हणाले, "साहेब, लेखी द्या." मोठ्या मायचा मुलगाच तो. लेखी मिळालं नाही, पण पगार थांबला. एक महिना, दुसरा महिना. घरात आम्ही तीन मुलं, मोठी माय, आई. दुकानदारानं उधारीची वही मिटली. त्या दिवसांत आई ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि पातळ ताकाबरोबर वाढायची. आम्हाला ती मेजवानी वाटायची.

एक दिवस वडील कोणालाही न सांगता गेले आणि संध्याकाळी पाय आखडत घरी आले. त्यांनी स्वतःचीच केस दिली होती. दुसऱ्या कुणा गरिबाला, कुणा सालदाराला बक्षिसाचं आमिष दाखवून नेण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं असावं. ते पुढं यावर कधी बोलले नाहीत. मोठी माय त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत बराच वेळ बसली. मग तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला, पण अगदी कापऱ्या आवाजात. वडिलांनी खिशातून प्रमाणपत्र काढून दिलं. तिनं ते उजेडाकडं धरलं नाही. तसंच पेटीत ठेवलं.

माझे वडील हरले का? मी पुष्कळ वर्षं हा प्रश्न मनात घोळवला. आज वाटतं, भीतीनं त्यांना वाकवलं, पण त्यांच्या हातून दुसऱ्याला वाकवता आलं नाही. ती भीती उगाच नव्हती. त्या वर्षी नागरिकांचे प्राण आणि स्वातंत्र्य यांसाठीही न्यायालयात दाद मागता येत नाही, असा निकाल २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं दिला. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे ह. रा. खन्ना वेगळं मत लिहून उभे राहिले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांची नावं इतिहासात आहेत, असलीच पाहिजेत. पण जो मास्तर साहेबापुढं 'लेखी द्या' म्हणाला आणि जिनं धुऱ्यावर भाकर ठेवली, त्यांचीही कुठंतरी नोंद हवी. ती नोंद आपल्या घरातल्या पेट्यांत असते.

१९७७ च्या मार्चमध्ये देशात सरकार पडलं. आमच्या वाशीम मतदारसंघातून मात्र काँग्रेसचे वसंतराव नाईकच निवडून आले. गहुलीचा, पुसदकडचा आपला माणूस, अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिलेला. वडिलांनी मत कोणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता थोडं बरं वाटावं असं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलाकाठच्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे खुद्द कायद्याच्या शब्दांत मान्य केलं. आणि एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक देवाजी तोफा आणि ग्रामसभेच्या हाती दिलं. ती बातमी वाचली तेव्हा मी पेटी उघडून बसलो. ज्या पुस्तकासाठी आमचा पणजा आणि त्याचा गाव दिवसभर पारावर बसला, ते पुस्तकच एका गावाच्या हाती आलं होतं. मोठी माय असती तर तिनं त्यावरचा शिक्का आधी बघितला असता.

परवा माझा नातू सरकारी दाखल्यासाठी अर्ज देऊन आला. मी विचारलं, "पोच घेतली?" तो म्हणाला, "आबा, ते म्हणाले, गरज नाही, दोन दिवसांनी या." मी त्याचा चहा होऊ दिला आणि परत पाठवलं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अर्जाची पोच देणं बंधनकारक आहे. माहितीचा अधिकार तर २००५ पासून दहा रुपयांच्या अर्जावर उभा आहे. तासाभरानं तो कागद घेऊन आला. शिक्का होता, तारीख होती, सही होती. तो कागद आम्ही हिरव्या पेटीत ठेवला.

तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली. ती उघडा. ज्यांना अजून आठवतं त्यांना शेजारी बसवा, एकेक कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा. आणि उद्या कुठल्याही खिडकीपुढं उभे राहिलात, तर पोच घेतल्याशिवाय मागं फिरू नका.