दसरा काढणं: धाराशिवमध्ये सणानंतर आवरलेल्या घरांचा इतिहास कुठे सापडतो?

घरकामाच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की सिनॉप्सिसच्या मुलाखतीत दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "यात इतिहास काय आहे?" आणि दुसरा, "याला साधनं कुठली?" पहिल्याची तयारी बहुतेक जण करून जातात. गाडी अडते ती दुसऱ्यापाशी. म्हणून आज एकच छोटा विषय घेऊन दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधू. विषय असा: धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत सण उरकल्यावर घर कसं आवरायचे?

अडचण लगेच लक्षात येईल. लढाई झाली की खर्चाचे कागद राहतात, तह राहतो, एखादी बखरही राहते. घर नीट झाडलं की काहीच राहत नाही, आणि काही राहू नये म्हणूनच तर झाडायचं असतं. म्हणजे हे काम चांगलं झालं की स्वतःचाच पुरावा पुसून टाकतं. मग इतिहासकाराने बघायचं कुठे? माझं म्हणणं असं की तीन ठिकाणी बघावं: भाषेत, मातीत, आणि जिथे हे काम अर्धवट राहिलं तिथे.

आधी भाषा. मराठवाड्यात "आमचा दसरा काढून झाला" असं बायका म्हणतात तेव्हा त्या सोनं लुटण्याबद्दल बोलत नसतात. गोधड्या, वाकळा, चादरी, पोती, झालंच तर गेल्या वर्षीचे पडदे, सगळं नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायचं. उतरंड उतरवायची, मडकी-डबे घासायचे, कोनाडे पुसायचे, भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची, माळवदावर पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटायचं. या सगळ्याला मिळून "दसरा काढणं" म्हणतात. हे काम घट बसायच्या आत संपलं पाहिजे. नावात दसरा असला तरी काम दसऱ्याच्या आधीचं आहे, आणि कॅलेंडर उघडलं तर ते गणपती-महालक्ष्म्यांच्या नंतरचं आहे. एका सणाचा पसारा उचलायचा आणि त्याच हाताने दुसऱ्या सणासाठी घर मोकळं करायचं.

महालक्ष्म्यांचा पसारा किती असतो हे ज्यांच्या घरी त्या बसतात त्यांना सांगायला नको. मुखवटे, कोथळ्या, साड्या, दागिने, फुलोऱ्याचं सामान, पंगतीची मोठी भांडी. तीन दिवसांनी देवी उठल्या की एकेक वस्तू पुसून, जुन्या मऊ कापडात गुंडाळून पेटीत जाते. कुठली वस्तू कशाच्या खाली ठेवायची हे घरातल्या एकाच बाईला माहीत असतं, आणि ती कुठे लिहून ठेवत नाही. पुढच्या वर्षी सून शोधत बसते. पुराभिलेखागारात वस्तूंची यादी करणारा माणूस पगारी असतो, त्याला पदनाम असतं. घरात तेच काम करणारीला नाही.

याच पंधरवड्यात तुळजापूरला काय चालू असतं ते बघा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत तुळजाभवानीची मूर्ती पलंगावर असते, ही देवीची निद्रा. नवरात्र झाल्यावर सीमोल्लंघन होतं आणि देवी पुन्हा पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. युद्ध करून दमलेल्या देवीला पाच दिवस विश्रांती द्यायची, ही कल्पना मला फार आवडते. जिल्ह्यातल्या बायका मात्र देवीच्या पहिल्या झोपेत गोधड्या धुतात आणि दुसऱ्या झोपेत घटाची माती तुळशीत टाकून, देव्हारा पुसून दिवाळीच्या भाजणीकडे वळतात.

दिवाळीतही तेच. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लावायचं आणि पाडव्याच्या पहाटे जुन्या केरसुणीने घर झाडून, तो केर सुपात किंवा फुटक्या टोपलीत भरून, दिवा लावून, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत उकिरड्यावर नेऊन टाकायचा. सणानंतरची झाडलोट इथे खुद्द सणाचाच भाग झाली. अंगणातल्या शेणाच्या गवळणी-पांडवांच्याही शेवटी गोवऱ्या होतात आणि त्या चुलीत जातात. मांडलेला सणसुद्धा वाया घालवायचा नाही.

इथे थोडं थांबून केरसुणीकडे नीट बघू. लक्ष्मी म्हणून पुजली जाणारी ही वस्तू शिंदीच्या पानांपासून बनवणारे हात मातंग समाजाचे. बलुतेदारीत दोरखंड आणि केरसुण्या हे त्यांच्याकडचं काम. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही व्यवस्था सविस्तर वाचायला मिळते, फक्त लेखक प्रशासनातला माणूस आहे हे लक्षात ठेवून वाचा. केरसुणी देव्हाऱ्यासमोर, बनवणारा उंबऱ्याबाहेर. मोठ्या वाड्यांतली झाडलोट, शेणगोठा हे तर घरच्या बायकांचंही काम नव्हतं. हैदराबाद संस्थानात वेठबिगार होती आणि मोठ्या घरांची कामं त्यात येत. म्हणून "बायका घर आवरत" असं सरसकट वाक्य प्रबंधात लिहू नका. कुठल्या घरातली बाई, कोणाचं घर, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आता माती. झाडलेला केर जातो कुठे? उकिरड्यावर, तिथून खत म्हणून शेतात. पण सगळा नाही. चुलीची राख, सारवणाचे पोपडे, फुटकी मडकी, पडलेल्या भिंती, हे सगळं गावठाणातच साचतं. म्हणून आपल्याकडे शेताला "काळी" आणि वस्तीला "पांढरी" म्हणतात. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या राहण्याने रंग बदललेली जमीन.

धाराशिवपासून जवळ, तेरणेच्या काठी तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आलेलं तगर ते हेच. गावातल्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय तिथे आहे. शाळेच्या सहली हस्तिदंती बाहुली बघतात, रोमशी व्यापार होता हे लिहून घेतात आणि पुढे जातात. तुम्ही गेलात तर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या किरकोळ वस्तू यांच्यासमोर जरा जास्त वेळ थांबा. यातल्या कितीतरी गोष्टी कधीतरी फुटल्या, हरवल्या, झाडून कोपऱ्यात गेल्या, म्हणूनच राहिल्या. जे जपून वापरलं ते झिजून गेलं. जे केरात गेलं ते काचेच्या कपाटात आलं.

ही पांढरी माती आणखी एका ठिकाणी जायची: घरावर. माळवद म्हणजे आपल्या भागातलं सपाट मातीचं छप्पर. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि वर मातीचा थर. त्यासाठी पांढरीची किंवा खारी माती लागते, कारण ती भेगाळत नाही, पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्याआधी गळकी जागा बघून नवी माती टाकायची, धोपटायची. दसरा काढताना वरचं गवत काढून पुन्हा सारखं करायचं. चांगलं घर म्हणजे ज्याच्या माळवदावर दरवर्षी हात फिरतो ते.

कागदावर एक हिशेब करून बघू. दरवर्षी धुपून जाऊन अर्धा इंच थर जरी टिकला, तरी चाळीस वर्षांत वीस इंच होतो, म्हणजे सुमारे अर्धा मीटर. दहा बाय दहाच्या खोलीवर एवढी माती म्हणजे सात टनांच्या आसपास वजन. हे कोणी एका दिवशी चढवलेलं नाही, घर नीट ठेवता ठेवता ते चढलेलं आहे.

१९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन २९ सप्टेंबरला झालं. गावोगाव लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर, शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. अधिकृत आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली. पितृपंधरवडा सुरू होणार होता आणि ऑक्टोबरच्या मध्यावर घट बसायचे होते. म्हणजे दसरा काढायचे दिवस नेमके आता सुरू व्हायचे होते. त्या वर्षी त्या गावांत घरं आवरली ती सैन्याने, स्वयंसेवकांनी आणि यंत्रांनी.

आणि इथेच इतिहासकाराला आपला विषय एकाएकी कागदावर दिसायला लागतो. देशातले-परदेशातले अभियंते आले. त्यांनी मातीत रचलेल्या दगडी भिंतींची जाडी मोजली आणि माळवदावरच्या मातीचे थर मोजले. अर्धा मीटर आणि त्याहून जाड थर त्यांना आढळले. वजन फार, भिंतीतले दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत, म्हणून घरं कोसळली, हा निष्कर्ष बरोबरच आहे. गरिबांची हलक्या छपरांची घरं तुलनेने कमी घातक ठरली हेही नोंदलं गेलं. पण या अहवालांत मातीचा थर फक्त एक आकडा म्हणून येतो. तो कोणी, किती वर्षं, कशासाठी चढवला हा प्रश्न अभियंत्यांचा नव्हताच. तो आपला आहे. निष्काळजीपणाने घर पडलं असं ऐकायला मिळतं तेव्हा मला राहवत नाही, कारण त्या छपराचं वजन बऱ्याच अंशी काळजीचं होतं.

नंतरचे कागद आपल्याला आणखी उपयोगी. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. घराचं क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५०. या आकड्यांकडे घर आवरणाऱ्या बाईच्या नजरेने बघा. जुन्या घरात भिंतीतच बळद होतं, जमिनीत पेव होतं, कोनाडे होते, वर माळवद होतं जिथे मिरच्या-पापड-गोधड्या वाळायच्या. नव्या घरात चार सरळ भिंती. महालक्ष्म्यांची पेटी कुठे, ज्वारीची पोती कुठे, सरपण कुठे? आज या पुनर्वसित गावांत घरापुढे-घरामागे पत्र्याच्या शेड दिसतात त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. गावाचा नकाशा ज्यांनी काढला त्यांनी घरात माणसं मोजली, सामान मोजलं नाही.

जी गावं हलवली नाहीत तिथे जुनी घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा कार्यक्रम झाला, हजाराहून अधिक गावांत. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं गेलं. मजबुतीच्या सूचनांत एक होती: माळवदावरची जादा माती उतरवा. पिढ्यान्‌पिढ्या माती चढवणं म्हणजे घर राखणं होतं, आता उतरवणं म्हणजे घर राखणं झालं, आणि हे घरोघर समजावून सांगायचं काम बायकांकडे आलं. एखाद्याला प्रबंधाचं एक प्रकरण यावर सहज करता येईल. बैठकांच्या नोंदी, प्रशिक्षणाची पत्रकं, दुरुस्तीचे हिशेब, यांत घरकाम पहिल्यांदाच सरकारी भाषेत बोलतं.

कागद शोधायला निघाल तेव्हा नावांचा घोळ होईल, म्हणून आधीच सांगते. जिल्ह्याचं जुनं नाव नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आता धाराशिव. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींत किल्लारीसुद्धा उस्मानाबाद जिल्ह्यात सापडेल. १९४८ पूर्वीचं बरंच काही उर्दूत आहे. उर्दू लिपी शिकायला तीन-चार महिने काढा. "मराठवाड्यावर काम करतोय पण उर्दू येत नाही" हे पुढे फार महागात पडतं. आणि ओव्या सोडू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. सारवण, केर, उंबरा, माळवद असे शब्द धरून त्यात शोधलं तर एरवी कागदावर कधीच न आलेलं काम समोर येतं.

फिल्डवर्कबद्दल दोन गोष्टी. भूकंपग्रस्त गावात जाऊन थेट "त्या रात्री काय झालं" असं विचारू नका. लोकांनी ते इतक्यांदा इतक्या पाहुण्यांना सांगितलंय की उत्तर पाठ झालंय, आणि ज्यांना सांगवत नाही त्यांना आपण उगाच दुखावतो. "जुन्या घरी दसरा काढायला किती दिवस लागायचे?" असं विचारा. मग घर उभं राहतं: कुठे चूल, कुठे बळद, शिडी कुठल्या बाजूला, गोधड्या धुवायला कोणाबरोबर जायचं. माणसंही त्या ओघात येतात, आपापल्या वेळाने.

दुसरी गोष्ट वेळेची. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना या पंधरवड्यात जाऊ नका. ३० सप्टेंबरची तारीख त्याच सुमारास येते, आणि शिवाय जिच्याशी बोलायचंय ती बाई त्या दिवसांत गोधड्या वाळत घालत असते. घट बसले की उपवास, मग तुळजापूरची वारी. कोजागरीनंतर चार-आठ दिवस बरे. त्यानंतर दिवाळीची भाजणी सुरू होते आणि पुन्हा कोणाला वेळ नसतो.