मठ्ठ कोण?

दिवाळीची सुटी लागली, तरी मास्तराच्या डोक्यातली शाळा काही सुटत नाही. एका मुलाला मी वर्षभर मठ्ठ समजत होतो. त्याच्या घरची बोली निराळी. माझा प्रश्नच त्याला उमगत नसे, हे वर्ष सरल्यावर ध्यानात आले. पुढे अमेरिकेतल्या ‘लॅरी पी.’ खटल्याची हकीकत वाचली आणि तो पोर पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला.

लॅरी हे खरे नाव नव्हे. आम्ही कादंबरीत पात्रांची नावे बदलतो, तसेच हेही मुलाची ओळख झाकण्यासाठी. सॅन फ्रान्सिस्कोतील सहा कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धींच्या वर्गात घातले होते. १९७१ साली त्यांच्या वतीने दावा दाखल झाला. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी मुलांना धीर देत, त्यांना कळेल अशा शब्दांत पुन्हा चाचणी घेतली. तेव्हा सहाही मुले ७५ गुणांच्या मर्यादेवर निघाली!

ही सहा मुले एकटी नव्हती. १९६८-६९ साली कॅलिफोर्नियाच्या शाळांत कृष्णवर्णीय मुले शेकडा ९, तर या वर्गांत शेकडा २७ होती. दाव्यातले प्रतिवादी, राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स, स्वतः कृष्णवर्णीय होते. अन्यायाला दुष्ट माणूसच लागतो असे नाही, वाचकहो; वाकडी मोजपट्टी पुरते. बुद्धिमापनाची पहिली चाचणी फ्रान्समध्ये १९०५ साली निघाली, ती कोणत्या मुलांना मदत हवी हे शोधण्यासाठी. तिच्याच वंशातल्या चाचण्यांनी इथे मुलांना वेगळे काढले.

१९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. चाचणी पक्षपाती नसावी, एकाच चाचणीवर निकाल देऊ नये, आईबापांना कळवावे, हे सारे त्यात आले. १९७९ साली न्यायमूर्ती पेकहॅम यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. १९८४ साली वरच्या न्यायालयाने तो बहुतांशी कायम केला. तरीही १९९७ आणि २००४ साली कायद्यात भर घालावी लागली: राज्यांनी वंशवार आकडे तपासावेत, तफावत ठळक असेल, तर निधीतले शेकडा १५ मुलांना वेळीच मदत देण्यासाठी खर्चावेत. कारण नोटीस गेली, सही झाली, फाइल पुरी झाली, तरी मूल चुकीच्या बाकावर बसलेले असू शकते.

माझ्या हाती काही न्यायालय नाही. पण आता प्रगतिपुस्तकातला शेऱ्याचा रकाना मी चटकन भरीत नाही. आधी त्या मुलाच्या घरी जाऊन येतो.