उपहास आणि त्याचें उत्तर

जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. एक गरोदर कुणबीण, तिचा भोळा नवरा आणि ग्रहपीडेचें भय घालून त्या दोघांस नागविणारा जोशी, एवढेंच कथानक. अखेर तें जोडपें शाळेची वाट धरतें. कमिटीनें नाटक नाकारलें.

पुढें १८७३ सालीं संवादरूप ‘गुलामगिरी’ निघाली. तींत दशावतारांच्या कथांची बुद्धीच्या कसोटीवर उलटतपासणी होती. या वेळीं नकाराची जागा उपहासानें घेतली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमालें’त फुल्यांच्या व्याकरणाची आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाची यथेच्छ टर उडविली. शास्त्रीबोवांच्या गद्याचा डौल कोणी नाकारणार नाहीं. परंतु कुणबी लुबाडला जातो कीं नाहीं, या प्रश्नास विभक्तिप्रत्ययांच्या चुका हें कांहीं उत्तर नव्हे. शहरांतील वाचक मात्र हंसला आणि हंसून मोकळा झाला.

या हंशास हंशानेंच उत्तर मिळालें तें नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतून. ‘दीनबंधु’चे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं ‘दीनमित्र’ साप्ताहिक काढलें. वृत्तपत्र म्हणजे पुण्यामुंबईचा व्यवहार, अशी समजूत असतां नेवासें तालुक्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून त्यांनीं तें अनेक दशकें चालविलें.

त्यांचें ‘कुलकर्णी लीलामृत’ १९१३ सालीं प्रसिद्ध झालें. नांवच मोठें मिस्किल! श्रीधरस्वामींचें ‘शिवलीलामृत’ घरोघर वाचलें जाई. ऐकणारा निरक्षर असला तरी ओवीचें वळण त्याच्या कानांत मुरलेलें असे. मुकुंदरावांनीं तीच ओवी उचलली आणि देवाऐवजीं गांवचें दप्तर बाळगणाऱ्या वतनदाराच्या लीला गाइल्या. यांत मोठी मख्खी आहे. फुल्यांच्या छापील पानावर ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवितां येत होती. कानानें ऐकावयाच्या पोथींत ती कोण काढणार? शिवाय ज्याचा अंगठा कागदावर उमटवून घेतला जाई, तोच आतां श्रोता होऊन हंसत होता. सगळेच कुलकर्णी लबाड होते, असें अर्थात् नाहीं. एका वर्गावर सरसकट रोख धरणाऱ्या विनोदांत निरपराधही भरडले जातात, आणि हा दोष या पोथींतही आहे. १९१८ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांतील कुलकर्णी वतनें बंद केलीं. त्याचें श्रेय पोथीला देणें मात्र अतिशयोक्तीचें होईल.

‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही त्यांची कादंबरी. ढढ्ढा म्हणजे अक्षरशत्रु, आणि परान्न म्हणजे दुसऱ्याच्या घरचें अन्न. नायकाचा सारा परिचय नांवांतच उरकला आहे.

मुकुंदराव १९६७ सालीं निवर्तले. कमिटीनें नाकारलेलें ‘तृतीय रत्न’ छापून निघालें तें १९७९ सालीं.