मोबाईलमधला आकडा सावलीतला असतो

आज इतिहास आहे, पण तो एप्रिल-मेच्या दुपारी उपयोगी पडणारा.

चितेगावातून पैठण रोडला लागलात की रस्ता थेट गोदावरीपाशी जातो. आता तिथे नाथसागर आहे, पण सोळाव्या शतकात धरण नव्हतं आणि उन्हाळ्यात पात्राचं वाळवंट व्हायचं. संत एकनाथांची एक कथा याच वाळवंटातली. भर दुपारी नाथ स्नानाला निघालेत आणि तापलेल्या वाळूत एक लहान मूल रडत पडलंय. मूल महाराचं, म्हणजे तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेलं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. आपण ही कथा शाळेत समतेचा धडा म्हणून ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात उष्णताही दिसते. हवा चाळीस अंशांवर असेल तर वाळू साठच्या घरात जाऊ शकते. कडेवर घेणं म्हणजे त्या मुलाला सगळ्यात तापलेल्या थरातून वर उचलणं.

आता मोबाईल बघा. ४१ अंश दाखवतोय? हवामान केंद्रात तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो सावलीत उभ्या असलेल्या माणसाचा आहे. डांबरावर बाईक ढकलणाऱ्याचा किंवा पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या नाईट शिफ्टवाल्याचा नाही.

या आकड्याने केवढा घात होतो ते १६ एप्रिल २०२३ ला खारघरला दिसलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंची गर्दी आणि तापमान सुमारे ३८. आपल्या मराठवाड्यात ३८ ला कुणी 'ऊन' पण म्हणत नाही! तिथे १४ माणसं गेली. कोकणातल्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यात कित्येक तास डोक्यावर छप्पर नाही.

आपल्याकडे उलट आहे. हवा कोरडी, त्यामुळे घाम अंगावर दिसायच्या आधीच उडून जातो आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही. म्हणून तहान लागायची वाट बघू नका. घाम जास्त जात असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं घ्या. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, आजीला बरं वाटेल, पण बाटली विसरू नका.

आपला देश उशिरा शिकला. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. नंतर अभ्यासकांनी मोजलं तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला: आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इशारा देणं, कारण ज्याला कामावर जावंच लागतं त्याच्या कामाची वेळ त्याच्या हातात नसते. ती सुपरवायझरच्या, ठेकेदाराच्या हातात असते. चितेगावच्या आसपास कारखान्यांत, बांधकामावर राबणाऱ्यांपर्यंत इशारा जाऊन भागत नाही. तो वेळ ठरवणाऱ्याकडेही जायला हवा.

आणि आता हे नीट ऐका. उन्हात एखादा माणूस बरळायला लागला, तोल गेला, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी ठेवा. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.