ब्रा घालणं खरंच गरजेचं आहे का? शरीर काय सांगतं आणि समाज काय म्हणतो?

भाईंदर पूर्वेच्या खारी गावातून सकाळी स्टेशन गाठायचं, गर्दीच्या लोकलने चर्चगेटकडे जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. असा दिवस काढणाऱ्या बाईला घरी पोहोचल्यावर सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं, असं विचारलं तर अनेकींचं उत्तर एकच असतं: ब्रा काढायची! पण तेवढ्यात दाराची बेल वाजली, तर ती आधी ओढणी शोधते आणि मग दार उघडते.

ब्रा काढल्यावर मोकळं वाटतं, मग दिवसभर ती घालण्याची गरज शरीराला असते की लोकांना? या प्रश्नाचं उत्तर समजून घेऊया.

एका व्हिडिओमुळे सुरू झालेली चर्चा

जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी पोळ्या लाटतानाचा एक व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला. त्यावरच्या कमेंट्समध्ये पोळ्या बाजूलाच राहिल्या आणि त्यांनी ब्रा घातली आहे की नाही, यावरच चर्चा सुरू झाली. त्यानंतर त्यांनी फेसबुकवर 'बाई, बुब्स आणि ब्रा' या शीर्षकाची मोठी पोस्ट लिहिली. ब्रा घालायची की नाही हा ज्या त्या बाईचा प्रश्न आहे, असा त्या पोस्टचा सूर होता.

पोस्ट प्रचंड व्हायरल झाली. काहींनी टीका केली, तर असंख्य बायकांनी 'हे आमच्याच मनातलं आहे' असं म्हटलं. मराठी घरांमध्ये ज्या विषयावर आई आणि मुलगीही दबक्या आवाजात बोलतात, तो विषय पहिल्यांदाच इतका उघडपणे बोलला गेला.

आधी चोळी होती, मग ब्रा कधी आली?

ब्रा हा आपल्याकडे तसा नवा कपडा आहे. महाराष्ट्रात नऊवारीवर खणाची चोळी घातली जायची. ती अंगाला घट्ट बसणारी आणि पुढे गाठ मारायची असे. आधार तीच देत असल्यामुळे आत आणखी काही घालायची गरज पडत नसे. आजही गावाकडे अनेक आज्या आयुष्यभर ब्रा न घालता राहिलेल्या दिसतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला ३ नोव्हेंबर १९१४ रोजी ब्राचं पेटंट मिळालं. त्याआधी तिकडच्या बायका कॉर्सेट घालायच्या. हाडांच्या किंवा धातूच्या पट्ट्यांनी कसलेल्या त्या कपड्याच्या तुलनेत ब्रा म्हणजे सुटकाच होती. म्हणजे आज अनेकींना जाचक वाटणारा हा कपडा सुरुवातीला मोकळेपणा म्हणून आला होता. आपल्याकडे शिवलेला ब्लाऊज, पाचवारी साडी आणि पुढे पंजाबी ड्रेस, टी-शर्ट रुळत गेले, तशी ब्राही रोजच्या कपड्यांत आली.

ब्रा घातली नाही तर स्तन ओघळतात का?

मुलींना सगळ्यात जास्त दाखवली जाणारी भीती हीच आहे. स्तनांमध्ये दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंचं जाळं असतं. स्तनांच्या आत स्नायू नसतात. वयानुसार हे तंतू आणि वरची त्वचा सैल होत जाते. ब्रा घातली म्हणून वय थांबत नाही.

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातील प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तन ओघळण्याशी या गोष्टींचा संबंध आढळला: वाढतं वय, जास्त वजन, वजनात झालेली मोठी घट, मुळात मोठे स्तन, गरोदरपणांची संख्या आणि धूम्रपान. बाळाला अंगावर पाजल्यामुळे स्तन ओघळतात ही समजूत मात्र या अभ्यासात खरी ठरली नाही.

याउलट टोकाचा एक दावाही इंटरनेटवर फिरतो: 'ब्रा न घातल्यास स्तन अधिक घट्ट होतात.' त्याचा उगम २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ज्यां-दनी रूयाँ या संशोधकाने जाहीर केलेल्या निरीक्षणांत आहे. त्यांनी १८ ते ३५ वयाच्या सुमारे ३३० महिलांची पाहणी केली होती. पण हे निष्कर्ष सगळ्या बायकांना लागू करू नयेत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. त्यामुळे 'घातलीच पाहिजे' आणि 'टाकूनच द्या' या दोन्ही सल्ल्यांना भक्कम आधार नाही.

ब्रामुळे कॅन्सर होतो का?

नाही. काळ्या रंगाची ब्रा, तार असलेली ब्रा किंवा रात्री घातलेली ब्रा कॅन्सर करते, असे मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. अमेरिकेतल्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने २०१४ मध्ये याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्तनांचा कॅन्सर झालेल्या १,०४४ आणि न झालेल्या ४६९ महिलांची तुलना केली होती. या सगळ्यांची पाळी गेलेली होती. दिवसाचे किती तास ब्रा घातली, तार होती की नाही, कोणत्या वयात सुरुवात केली, यांपैकी कशाचाही कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनांचाच आहे. म्हणून ब्राच्या रंगाची काळजी करण्यापेक्षा गाठ लागणं, त्वचेला खळगा पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं अशी लक्षणं दिसताच डॉक्टरांकडे जाणं महत्त्वाचं आहे.

मग ब्राचा उपयोग कधी होतो?

उपयोग नक्कीच आहे. धावताना किंवा उड्या मारताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांनी हलतात आणि त्यामुळे दुखू शकतात. अशा वेळी चांगला आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा कामाची असते. तीही बायकांनीच स्वतःच्या गरजेतून बनवली. १९७७ मध्ये अमेरिकेत धावायला जाणाऱ्या लिसा लिंडाल आणि त्यांच्या सोबतिणींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा सपोर्टर एकत्र शिवून पहिला नमुना तयार केला होता.

स्तन मोठे असतील, पाळीच्या आधी दुखत असतील किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तरीही आधाराने बरं वाटतं. बाळाला पाजणाऱ्या आईने मात्र घट्ट ब्रा टाळावी, कारण दाब पडून दूध साठून राहू शकतं आणि स्तनांना सूज येऊ शकते.

ब्रा चुकीच्या मापाची असेल तर खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठतात, पट्टा पाठीत वर सरकतो आणि श्वास आवळल्यासारखा वाटतो. आधाराचा मुख्य भार खांद्यावर नाही, तर छातीखालच्या पट्ट्यावर यायला हवा. त्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. वजन बदललं किंवा बाळंतपण झालं की माप पुन्हा घ्यावं.

लाजेमुळे होणारा खरा त्रास

ब्रा घालण्या न घालण्यापेक्षा ती लपवण्यामुळे होणारं नुकसान जास्त आहे आणि त्यावर बोललं जात नाही. दुकानदार पुरुष असेल तर माप सांगायला संकोच वाटतो. मग अंदाजाने उचललेली, कागदात गुंडाळून दिलेली ब्रा वर्षभर तशीच वापरली जाते. चाळीच्या गॅलरीत किंवा इमारतीच्या खिडकीत ती वाळत घालायची तर वर टॉवेल, परकर किंवा ओढणी टाकली जाते.

भाईंदरसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, असं झाकलेलं कापड नीट वाळत नाही. ओलसर ब्रा आणि घाम यामुळे स्तनांखालच्या घडीत लाल चट्टे, खाज आणि बुरशीचा संसर्ग होतो. तिथे दाखवायची लाज वाटते म्हणून डॉक्टरांकडे जाणं टळतं आणि मेडिकलमधून कुठलंतरी स्टेरॉइड असलेलं मलम आणलं जातं. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण संसर्ग पसरतो आणि चिवट होतो. उपाय साधे आहेत: सुती ब्रा, रोज धुतलेली आणि उन्हात उघड्यावर वाळवलेली.

घालायची सक्ती आणि काढायची सक्ती

ब्रा घालण्याचं बंधन भारतात कोणत्याही कायद्यात नाही. बंधन आहे ते नजरेचं. पण बाईच्या छातीवर काय असावं, हे दुसऱ्यांनीच ठरवण्याचा इतिहास मोठा आहे आणि नियम सोयीनुसार उलटत आले आहेत.

एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर संस्थानात नाडर समाजाच्या बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ संघर्ष करावा लागला. १८५९ च्या फर्मानाने तो हक्क मिळाला, तोही उच्चवर्णीय बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. जुलै २०२२ मध्ये केरळातच कोल्लम जिल्ह्यात नीट परीक्षेच्या तपासणीत धातूचे हुक असल्याचं कारण देऊन मुलींना ब्रा काढायला लावण्यात आली. मोठा गदारोळ झाला आणि त्या मुलींना ४ सप्टेंबरला पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागली. एकीकडे ब्रा न घालणारीला निर्लज्ज म्हणायचं आणि दुसरीकडे तपासणीच्या नावाखाली ती काढायला लावायची, यातलं समान सूत्र एकच: तिला विचारायचं नाही.

थोडक्यात

निरोगी बाईने ब्रा घातलीच पाहिजे असं वैद्यकीय कारण नाही आणि योग्य मापाची ब्रा घातल्याने काही बिघडतही नाही. धावताना, दुखत असताना किंवा आधार हवासा वाटला तर घालावी. घरी, झोपताना किंवा नको वाटेल तेव्हा काढावी. ज्यांना घातल्यावर अधिक आत्मविश्वास वाटतो त्याही बरोबर आहेत आणि ज्यांना तिचा जाच होतो त्याही.

वयात येणाऱ्या मुलीला घरातून सांगायचंच असेल, तर 'लोक काय म्हणतील' यापेक्षा माप कसं घ्यायचं, कापड कोणतं निवडायचं आणि ब्रा उन्हात का वाळवायची, हे सांगितलेलं बरं. बाकीचा निर्णय तिचं शरीर आणि ती मिळून घेतील.