कुणबीण आणि बटीक

गुलाम म्हटलं की आपल्याला जहाजात कोंबून अमेरिकेला नेलेली आफ्रिकेतली माणसं आठवतात. पण माणसं आपल्या पुणे प्रांतातही विकली जात होती, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. पेशवाईच्या कागदांत त्यांना ‘कुणबिणी’ म्हटलंय. कुणबीण म्हणजे खरं तर शेतकरीण. त्याच शब्दाला विकत घेतलेली बाई असा अर्थ चिकटला. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरचा हा शब्द, म्हणून आम्हाला तो जास्त टोचतो.

या बायका यायच्या कुठून? कुणाला दुष्काळात पोटासाठी आईबापांनीच विकलेलं असे. कुणी लढाईत धरून आणलेली. आणि जिच्यावर बदकर्माचा ठपका बसे, तिलाही सरकार कुणबीण करून टाकी. पुरुषाचं बहुतेक वेळा दंडावर भागे! मग वाड्यात, पागेत, कोठीत, गडावर दळण, कांडण, शेणपाणी. तिचं लेकरूही मालकाचंच. सुटका हवी तर पैसे भरा, नाहीतर बदली बाई द्या. ‘मी काय तुमची बटीक आहे का?’ असं आपण भांडणात म्हणतो, ती बटीक हीच.

१८१८ साली इंग्रज आले. १८३३ मध्ये त्यांच्या पार्लमेंटनं वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना सोडवायचा कायदा केला. भरपाई २ कोटी पौंड, तीही मालकांना! कंपनीचा हिंदुस्थान त्यातून वगळलेला. इथला कायदा १८४३ साली आला, आणि माणूस विकणं गुन्हा ठरलं ते १८६० च्या दंडसंहितेत. १८४३ च्या कायद्यानं मालकाचा हक्क कोर्टात चालेनासा झाला एवढंच. बाईच्या हातात ना जमीन आली, ना पैसा.

आता आपल्याच उसाकडे बघू. बारामती-इंदापुरात हंगामाला टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. उचल घेणं म्हणजे गुलामी नव्हे. पण फिटली नाही म्हणून कुणाला अडकवून ठेवलं, दुसरीकडे कामाला जाऊ दिलं नाही, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज बुडीत ठरतं, फेडावं लागत नाही. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि ती त्या बाईनंच केली पाहिजे असं नाही. गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या तरी तिला बोलायला धीर येतो.