नॅस म्हणजे काय? घरचे फोटो आणि सिनेमे साठवायला तयार डबा घ्यावा की जुना पीसी वापरावा?

‘स्टोरेज फुल्ल’ हा मेसेज आता घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर कधी ना कधी येतोच. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींना मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यात लग्नाचा पेनड्राइव्ह, बारशाचे व्हिडिओ, आजोबांच्या एकसष्टीची डीव्हीडी आणि विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्क हे सगळं कुठं ठेवायचं? यावर अनेक घरांत निघालेलं उत्तर म्हणजे नॅस.

नॅस म्हणजे नेमकं काय?

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, वायफाय राऊटरला जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर आणि त्यात बसवलेल्या हार्ड डिस्क. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. तो कोपऱ्यात चोवीस तास चालू असतो. घरातले मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही नेटवर्कवरून त्यातल्या फाईल्स उघडतात. मोबाईलमधले फोटो आपोआप त्यात जातात आणि हॉलमधल्या टीव्हीवर त्यातलाच सिनेमा लागतो. यासाठी जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर आणि प्लेक्स ही नावं जास्त ऐकू येतात.

तयार डबा की स्वतः जोडलेला?

सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर, टेरामास्टर या कंपन्यांचे तयार डबे मिळतात. डिस्क बसवायच्या प्रत्येक कप्प्याला ‘बे’ म्हणतात, म्हणून ‘२ बे’, ‘४ बे’ असे प्रकार दिसतात. सेटअप मोबाईलवरून होतो आणि अपडेट कंपनी देते. मात्र अनेक डब्यांच्या किमतीत हार्ड डिस्क धरलेली नसते. बजेट मांडताना ती वेगळी धरावी लागते, आणि बऱ्याचदा डिस्कचाच खर्च डब्यापेक्षा जास्त होतो.

दुसरा मार्ग म्हणजे घरातला जुना डेस्कटॉप. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस मोफत बसवता येतं. अनरेड हे तिसरं नाव, पण त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. इथं पैसे वाचतात, पण काही बिघडलं तर दुरुस्तीही स्वतःच करावी लागते.

‘फुकटातला’ पीसी वीजबिलात मात्र दिसतो. दोन डिस्कचा छोटा नॅस सरासरी २० वॅट घेतो असं धरलं, तर महिन्याला साधारण १४ युनिट होतात. जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर तोच आकडा ४३ युनिटवर जातो. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात हा फरक वर्षानुवर्षं भरावा लागतो.

सिनेमा मध्येच का अडकतो?

याची कारणं मुख्यतः दोन. पहिलं नेटवर्क. फोरके ब्लू-रेचा बिटरेट सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, तर जुन्या राऊटरचे आणि अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. म्हणून राऊटरला गिगाबिट पोर्ट आहेत का, हे आधी पाहावं. नॅस तरी वायफायऐवजी केबलनेच जोडावा.

दुसरं कारण ट्रान्सकोडिंग. टीव्हीला फाईलचा फॉरमॅट समजला नाही, तर नॅसला सिनेमा चालू असतानाच तो बदलून द्यावा लागतो. हे काम जड आहे. ग्राफिक्ससह येणाऱ्या इंटेल प्रोसेसरमधली ‘क्विक सिंक’ ही सोय यात उपयोगी पडते. स्वस्त डब्यांतले साधे प्रोसेसर आणि रास्पबेरी पाय इथं दमतात. टीव्ही फाईल थेट चालवू शकत असेल, तर साधा नॅसही पुरतो.

हार्ड डिस्क कोणती घ्यावी?

नॅससाठी चोवीस तास चालायला बनवलेली साडेतीन इंची डिस्क घ्यावी. बॉक्सवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ लिहिलंय का, ते तपासावं. ‘एसएमआर’ प्रकारात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे सतत लिहिताना वेग पडतो आणि बिघडलेली डिस्क बदलताना नव्या डिस्कवर डेटा भरायला फार वेळ लागू शकतो. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर प्रकारच्या असल्याचं वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केलं होतं. त्यामुळे फक्त ‘नॅस’ हा शब्द वाचून भागत नाही.

आणि ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६ टीबी दिसली तर फसवणूक झालेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

रेड म्हणजे बॅकअप नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून चालवण्याची पद्धत. हे नाव बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे रूढ झालं. ‘रेड १’ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. ‘रेड ५’ मध्ये ४ टीबीच्या चार डिस्क लावल्या तर १२ टीबी जागा मिळते. दोन्हींत एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो.

पण चुकून फोल्डर डिलीट झालं, तर ते दोन्ही डिस्कवरून जातं. चोरी, आग, पाणी शिरणं किंवा व्हायरस यातही रेड काही करू शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ रॅन्समवेअरने थेट इंटरनेटला उघडे ठेवलेले क्यूनॅपचे डबे गाठले आणि फाईल्स कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. ज्यांच्याकडे वेगळी प्रत नव्हती, त्यांना नुसत्या रेडचा उपयोग नव्हता.

म्हणून ३-२-१ हा नियम सांगितला जातो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती उपाय म्हणजे यूएसबी हार्ड डिस्कवर दर महिन्याला प्रत काढून ती गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवणं. सिनेमे पुन्हा मिळतील, पण बारशाचा व्हिडिओ मिळणार नाही. बॅकअपला जागा कमी असेल तर आधी घरचे फोटो-व्हिडिओ घ्यावेत. बाहेरून नॅस उघडायचा असेल तर राऊटरचे पोर्ट उघडण्यापेक्षा वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन बरा.

लाइट गेली तर?

फाईल लिहिली जात असताना वीज गेली तर डेटा खराब होऊ शकतो. नॅसला यूएसबी केबलने जोडता येणारा यूपीएस असेल, तर बॅटरी संपत आल्याचं कळताच नॅस स्वतःहून नीट बंद होतो. वारंवार लाइट जाणाऱ्या भागात हा खर्च टाळू नये.

मग घ्यायचं काय?

• सगळा डेटा १ टीबीच्या आत असेल आणि लॅपटॉप एकच असेल, तर नॅसची गरज नाही. दोन यूएसबी डिस्क आणि त्यावर दोन सारख्या प्रती पुरेत.

• घरात चार-पाच मोबाईल असतील आणि तांत्रिक कटकट नको असेल, तर २ बेचा तयार डबा.

• हौस आहे, जुना पीसी आहे आणि शिकायची तयारी आहे, तर ओपनमीडियाव्हॉल्ट आणि जेलीफिन.

• टीव्हीवर फोरके सिनेमे बघायचे असतील, तर आधी राऊटर आणि प्रोसेसर तपासावा.

पैसे कमी पडत असतील तर ४ बेऐवजी २ बेचा डबा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बॅकअपची वेगळी डिस्क घ्यावी. डबा बिघडला तर दुसरा आणता येतो. एकमेव प्रत असलेला फोटो मात्र गेला की गेला.